डेकला तेल पाजताना

सकाळी ७. गुहागरला नोव्हेंबरात दव उशिरापर्यंत राहते. फळीवर हात फिरवला की ओल लागते, म्हणून डबा उघडायची घाई नाही. डेक सागवानी, पावसाळाभर उघडा. वरून वाळलेला दिसला तरी आतली ओल डोळ्यांना कळत नाही. ऊन चढल्यावर ओलमापकाच्या सुया टोचतो. आकडा १५ टक्क्यांच्या खाली आला तरच पुढचे काम.

८.३०. काकू चहा घेऊन येतात. "अहो, चकचकीत वार्निशच मारा ना. माजघरातल्या झोपाळ्यासारखं."

"काकू, झोपाळा छपराखाली आहे. इथे एकाच पावसाळ्यात पोपडे धरतील."

हे समजावण्यात वेळ गेला तरी मला चालते. वार्निश काय, पीयू (पॉलियुरेथेन) काय, लाकडावर कातडीसारखा थर चढवतात. उभ्या दारावरून पाणी ओघळून जाते, आडव्या फळीवर ते साचते. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. थर तेवढा ताणला जात नाही, चिरतो. चिरेतून पाणी आत जाते आणि थराखालीच कोंडते. मग दुरुस्ती म्हणजे सगळा डेक खरवडणे. मुरणाऱ्या तेलाचे तसे नाही. ते विटले की धुवायचे, हलके घासायचे, पुन्हा एक हात द्यायचा.

नुसते जवसाचे तेल मात्र नको. ते सावकाश वाळते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. बिनरंगी तेलही नको, कारण ते पाणी अडवते, ऊन नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडातले लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी करडी पडते. बाहेरच्या लाकडासाठीचे, थोडे तपकिरी रंगद्रव्य असलेले तेल घ्यावे. काकूंना नमुन्याच्या फळीवर लावून दाखवले, पटले.

१० ते १२. घासकाम. ८० नंबरचा पेपर, मग १२०. त्याहून बारीक घासले तर लाकडाची छिद्रे बुजतात आणि तेल आत जात नाही. लोखंडी स्क्रूंभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने आधीच काढून, धुऊन, वाळवले होते. समुद्रकाठी आता ३१६ जातीचे स्टेनलेस स्क्रू.

दुपारी काही नाही. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच सुकते.

३. सावली आली. रुंद ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, दोन-दोन फळ्या टोकापासून टोकापर्यंत. मध्ये थांबलो तर जोड दिसतो. फळीची कापलेली टोके सर्वांत जास्त पितात. तिथे पहिला हात बघताबघता नाहीसा होतो, दुसरा थोडा टिकतो, तिसऱ्याला लाकूड ओलसर चमकत राहते. पाणी सर्वांत आधी याच तोंडातून शिरते, म्हणून इथे कंजुषी करू नये. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल कपड्याने पुसून घ्यायचे. राहिले तर चिकट होते, त्यावर धूळ बसते.

५. हात थांबवतो. दव पडायच्या आत तेल मुरायला हवे.

५.३०. आवराआवर. काकूंना सांगून ठेवतो, मे महिन्यात फळीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. गोळी होऊन राहिला तर ठीक, लगेच शोषला तर पुन्हा तेल द्यायची वेळ झाली.

आणि घरी हे काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.