ई-मेलचें खातें : पुसावें कीं रोखावें?

संस्थेच्या ई-मेल खात्याचा पासवर्ड चोराच्या हातीं लागला, कीं खातेंच पुसून टाकण्याचा मोह होतो. परंतु त्याबरोबर सांठलेला पत्रव्यवहारहि नष्ट होतो. सीपॅनेलमध्यें याहून शहाणपणाची सोय आहे. ‘ई-मेल अकाउंट्स’मध्यें त्या खात्यापुढील ‘मॅनेज’ उघडल्यास येणारीं पत्रें, जाणारीं पत्रें व लॉगिन, हीं तीन दारें निरनिराळीं बंद करतां येतात. जाणारीं पत्रें ‘होल्ड’ केलीं, तर तीं रांगेंत थांबून राहतात. येणारीं ‘सस्पेंड’ केलीं, तर तीं नाकारलीं जातात. म्हणून तें दार शक्यतों उघडेंच ठेवावें. लॉगिन रोखलें, तरी नवीं पत्रें खात्यांत जमा होतच असतात. तेव्हां प्रथम पासवर्ड बदलावा व जाणारीं पत्रें थांबवावीं. शिक्षा चोराला व्हावी, पत्रांना नव्हे!