गौरीच्या पूजेसाठी परसातले कंद
कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड, त्याला लागूनच मलकापूर. तेथील काळ्या मातीत ओल दीर्घकाळ टिकते आणि गौरी-गणपतीसाठी हौसेने लावलेला निशिगंध नेमका तिच्यामुळेच कुजतो. हा मूळचा मेक्सिकोचा कंद. त्यास ओलावा हवा, साचलेले पाणी सोसत नाही. चैत्रात उंच वाफ्यावर, वाळू व शेणखत मिसळून तो लावावा, म्हणजे भाद्रपदात दांडे धरतात. चोवीस तासांच्या पाणीयोजनेने नाव मिळविलेल्या या गावी नळ सदैव हाताशी; श्रावणात मात्र तो वाफ्याकडे वळवू नये! न्हाणीच्या ओलसर कडेला सोनटक्काच शोभतो. त्याचे गड्डे चिखलातही फोफावतात. दिवस कलता कळ्या खुडून पाण्यात ठेवाव्यात. दिवेलागणीस त्या गौरीपुढे उमलतात.