धाप लागते तेव्हाच पाहा

गाणगापूरला निर्गुण मठातून संगमाकडे जाणारी वाट जेमतेम तीन किलोमीटरची. तेवढ्यातही काहीजणी चार-चारदा थांबतात, "ऊर भरून येतं" म्हणतात. अशा एखादीला कलबुर्गीला किंवा सोलापूरला दाखवावं तर रक्त ठीक, एक्स-रे ठीक, ईसीजी ठीक आणि इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही नॉर्मल. मग "वयामुळे होतं" ऐकून ती घरी परत येते.

पण इको काढला तेव्हा ती पडून होती! धाप लागते चालताना.

विसाव्यात हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. भरपूर श्रमात निरोगी तरुणाचं हृदय १५-२० लिटरपर्यंत जातं. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला पुरा सेकंद मिळतो आणि त्यातला बराचसा वेळ हृदय सैल होऊन रक्ताने भरत असतं. ठोके १२० झाले की उरतो अर्धाच सेकंद, आणि जास्त काटछाट होते ती या भरण्याच्या वेळेतच. वय, बीपी, साखर, वजन यांनी डावा कप्पा ताठरला असेल तर तो इतक्या झटकन सैल पडत नाही. मागे दाब तुंबतो, फुप्फुसांपर्यंत चढतो, धाप लागते. माणूस बसला की दाब उतरतो आणि पुरावाही नाहीसा होतो.

म्हणून हा पुरावा श्रम चालू असतानाच पकडायचा. श्रम देऊन काढायच्या इकोच्या, म्हणजे स्ट्रेस इकोच्या, एका प्रकारात तिरका होणारा पलंग असतो, पायाशी सायकलची पेडलं. पेडल मारणं दर थोड्या मिनिटांनी जड होत जातं आणि डॉक्टर छातीवर प्रोब धरून दोन वेग मोजत राहतात: झडपेतून आत शिरणाऱ्या रक्ताचा आणि सैल पडणाऱ्या हृदयभिंतीचा. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर १५च्या वर गेलं, तर मागे दाब वाढल्याचा दाट संशय. सुई नाही, नळी नाही. नुसत्या वेगांवरून आतल्या दाबाचा अंदाज! ज्या तत्त्वावर हे चालतं ते ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ साली मांडलं, तेही जोडताऱ्यांच्या रंगांविषयी.

इकोची सुरुवातही अशीच नवलाची. १९५३ साली स्वीडनच्या लुंड गावी इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी धातूतले तडे शोधायचं यंत्र उसनं आणून हृदयावर लावलं. एडलरना शोध होता अरुंद झालेल्या मिट्रल झडपेचा. लहानपणीच्या रुमॅटिक तापातून येणारा हा आजार आपल्याकडे अजून तरुण बायकांत दिसतो. त्या चिंचोळ्या तोंडातून रक्त दुप्पट वेगाने जायचं तर दाबातला फरक चौपट लागतो. पडून असताना सौम्य वाटणारी झडप पेडल मारताना खरं रूप दाखवते ती यामुळे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० साली श्रमात धाप लागणाऱ्या ५५ जणांच्या हृदयात नळी घालून त्यांना सायकल चालवायला लावली. विसाव्यात सगळ्यांचे दाब नॉर्मल होते. श्रमात निम्म्याहून अधिकांचे वर गेले. सोनोग्राफीचा अंदाज धूसर राहिला तर आजही ही नळीच शेवटचा शब्द देते. अर्थात रक्तक्षय, दमा, चुलीच्या धुराने बिघडलेली फुप्फुसं आधी तपासायलाच हवीत.

कलबुर्गीत जयदेव हृद्रोग संस्थेची ३७१ खाटांची नवी इमारत २२ डिसेंबर २०२४ला सुरू झाली. बीदर, भालकी, आळंदच्या माणसाला हृदयाचा डॉक्टर आता पूर्वीपेक्षा जवळ आहे. डॉक्टरला एवढंच नेमकं सांगावं: किती चाललं की, किती पायऱ्या चढल्या की दम लागतो. कारण सापडलं तर उपायही आहेत. अरुंद झडप बऱ्याचदा फुग्याने रुंद करता येते. ताठर हृदयासाठी एम्पाग्लिफ्लोझिन हे मूळचं साखरेवरचं औषध २०२१च्या मोठ्या चाचणीत उपयोगी ठरलं.