ब्रेक मऊ लागला, तर आधी कारण शोधा

आमच्या मोशीच्या वस्तीत पहाटे पाचपासूनच चाके हलू लागतात. पहिल्या पाळीचे लोक चाकण-भोसरीकडे निघतात. काहींना कंपनीची बस मिळते, बाकीचे दुचाकीवर किंवा सायकलवर पुणे-नाशिक रस्ता धरतात. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला डंपर. अशा रस्त्यावर सायकलवाल्याचा भरवसा एका ब्रेकवरच असतो. तो ब्रेकच दगा देऊ लागला तर काय करावे, हे आम्ही गेल्या महिन्यात अनुभवातून शिकलो. ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

आमची लेक पॉलिटेक्निकला जाते. बोनसच्या पैशातून आम्ही तिला एक जुनी गिअरची सायकल घेऊन दिली. जाड टायरची, ज्याला माउंटन बाईक म्हणतात तशी. तिच्या दोन्ही चाकांना मोटारसायकलसारख्या डिस्क आहेत आणि ब्रेक तेलावर चालतात. एका रविवारी ती पंक्चर झाली. आयुष्यभर करत आलो तसे आम्ही ती सीट आणि हँडलवर उलटी उभी केली, पंक्चर काढले आणि सरळ करून ठेवली. उलटी असताना ब्रेकही दोन-चार वेळा दाबून पाहिला.

सोमवारी सकाळी लेक निघाली. उतारावर तिने ब्रेक दाबला, तर तो पावाच्या लादीसारखा मऊ! दांडी थेट हँडलला टेकली, चाक मात्र फिरतच राहिले. पाय घासत, एका उभ्या टेम्पोच्या मागे कशीबशी थांबली. सायकल ढकलत घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, ब्रेक लागतच नाही हो." तिच्या आईने कपाळाला हात लावला. आम्ही सायकल दुकानात नेली. तिथे उत्तर मिळाले, "दोन्ही ब्रेकचे सेट बदला." सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही सायकल तशीच परत आणली.

संध्याकाळी शेजारचे काका विहाराच्या कट्ट्यावर भेटले. त्यांची सारी नोकरी भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर गेली. जयभीम झाल्यावर त्यांनी दांडी दोनदा दाबून पाहिली आणि हसून म्हणाले, "अरे, हवा धरलीय. आमच्या प्रेसच्या तेलात हवा शिरली की तोसुद्धा असाच मऊ पडायचा. सेट कशाला बदलतोस?"

तेल दबत नाही, हवा दबते

काकांनी लेकीला समजावले ते असे. जुन्या सायकलीत दांडी किंवा तार ब्रेक ओढते. या ब्रेकमध्ये तेच काम तेल करते. दांडीपाशी एक छोटी टाकी आणि पिस्टन असतो, चाकापाशी कॅलिपर असतो, आणि दोघांना जोडणारी बारीक नळी तेलाने भरलेली असते. बंद जागेतल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. कॅलिपरचे पिस्टन दांडीच्या पिस्टनपेक्षा मोठे असतात, म्हणून बोटांचा थोडा जोर तिथे वाढून पोहोचतो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. कारखान्यातला प्रेस आणि मुलीच्या सायकलचा ब्रेक एकाच नियमावर चालतात.

तेल जवळजवळ दबतच नाही. हवा मात्र दबते. नळीत हवेचा बुडबुडा असला की आपला जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. टाकीत थोडी हवा राहिलेली असेल, तर सायकल सरळ असताना ती वरच राहते. सायकल उलटी करून ब्रेक दाबला की तीच हवा नळीत शिरते. म्हणजे चूक आमचीच होती.

दोष ओळखावा कसा?

दांडी मऊ लागते, पण भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर घट्ट होते, तर बहुधा हवा आहे. दांडी दाबून धरली असता हळूहळू हँडलकडे सरकते, तर तेल कुठून तरी गळते किंवा आतले सील गेले आहे. ती सायकल रस्त्यावर नेऊ नये. दांडी घट्ट आहे तरी चाक थांबत नाही, तर पॅडवर किंवा डिस्कवर तेल-ग्रीस लागले असावे. पॅड झिजले असतील, तर तेही आधी पाहावेत.

आम्ही काय केले?

पहिल्या रात्री काकांच्या सांगण्यावरून सायकल सरळ उभी ठेवून ब्रेकची दांडी जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून ठेवली. थोडी हवा असेल तर ती अशाने वर येते. सकाळी फरक पडला होता, पण पुरता नाही. मग एअर काढायचे ठरले. मेकॅनिक याला ब्लीडिंग म्हणतात.

आधी तेल कोणते, ते पाहावे. बहुधा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. शिमानो, टेक्ट्रो यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागते, काही ब्रेकना डॉट तेल. एकाच्या जागी दुसरे घातले तर रबरी सील फुगतात आणि मग खरोखरच नवा ब्रेक घ्यावा लागतो. डॉट तेल सायकलच्या रंगावर सांडले तर रंगही उडवते.

नेमकी रीत प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात असते. आमच्या ब्रेकची अशी होती. चाक आणि पॅड काढून लांब ठेवले, म्हणजे त्यांना तेल लागत नाही. पॅडच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा बसवला. तो नसताना दांडी दाबली तर पिस्टन बाहेर येतात. टाकीच्या तोंडाशी नरसाळे लावून त्यात थोडे तेल ओतले. कॅलिपरच्या निपलला तेल भरलेली सिरिंज नळीने जोडली, निपल जरासाच ढिला केला आणि तेल सावकाश वर ढकलले. वरच्या नरसाळ्यात बुडबुडे येऊ लागले तशी लेक ओरडली, "काका, निघाली हवा!" निपल बंद करून नळीवर पान्याने हलके ठोकले, दांडी हळू हळू दाबली, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालले. शेवटी सारे पुसून पॅड आणि चाक बसवले, दांडी घट्ट लागेपर्यंत दाबली. आधी गल्लीत सायकल हातात धरून चालवून पाहिली, मग तिने तीन फेऱ्या मारल्या.

दुचाकीवाल्यांनीही ऐकावे

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये साधारण डॉट ३ किंवा डॉट ४ तेल असते. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. नवे डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबला की असे तेल उकळून वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी तेल बदलावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीचे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे.

चाकणमध्ये बजाजच्या मोटारसायकली तयार होतात, ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा दुचाकीच्या ब्रेकचा कारखानाही तिथेच आहे. आपल्यातली कितीतरी माणसे आठ-आठ तास असल्याच सुट्या भागांवर राबतात. पण घरी आलो की आपल्याच मुलांच्या सायकलचा ब्रेक आपल्याला परका वाटतो. कारखान्यात मिळालेले ज्ञान गेटपाशी ठेवून येऊ नये, ते घरी आणावे आणि मुलाइतकेच मुलीच्याही हाती द्यावे.

त्या सोमवारपासून आमच्या घरी नियम झाला आहे: निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे, मगच पायडलवर पाय. आता रविवारी वस्तीतली पोरे सायकली घेऊन दारात उभी राहतात. लेक आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "उलटी केली होतीस का?"