आजोबा धावले बाळांसाठी

बालमित्रांनो, आधी एक गणित घालते. घाबरू नका, सोपं आहे! शाळेच्या मैदानाची एक फेरी २०० मीटरची असेल, तर मॅरेथॉन शर्यत पुरी करायला किती फेऱ्या माराव्या लागतील? मॅरेथॉनचं अंतर असतं ४२ किलोमीटर १९५ मीटर. करा बरं भागाकार. आलं उत्तर? जवळजवळ २११ फेऱ्या! पाच फेऱ्या मारल्या की आपल्याला धाप लागते, आणि इथे दोनशे अकरा!

आता मी म्हटलं की, एवढं अंतर ८९ वर्षांच्या एका आजोबांनी धावून पुरं केलं, तर तुम्ही म्हणाल, ‘बाई, थापा मारू नका!’ पण ही थाप नाही बरं का. त्या आजोबांचं नाव फौजा सिंग.

पंजाबातल्या जालंधर जिल्ह्यातलं ब्यास पिंड हे त्यांचं गाव. त्यांच्या पासपोर्टावर जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. लहानपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते की, पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना चालताच येत नव्हतं. पुढे मोठे होऊन ते शेती करू लागले. १९९४ साली त्यांचा एक मुलगा अपघातात गेला. लंडनमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहतानाही ते दुःख त्यांना चैन पडू देईना. मग त्यांनी काय केलं? ते धावू लागले. आणि २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली.

ते धावले कुणासाठी, हे तर आणखी ऐकण्यासारखं आहे. ते धावले ‘ब्लिस’ नावाच्या संस्थेसाठी. दिवस पुरे भरण्याआधी जन्मलेल्या आणि आजारी असलेल्या तान्ह्या बाळांसाठी ही संस्था इंग्लंडमध्ये १९७९ साली सुरू झाली. अशा बाळांना दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात, हे तुम्ही घरी कधीतरी ऐकलं असेल. काही बाळं तिथे महिना-महिना, दोन-दोन महिने राहतात. ब्लिस या बाळांच्या आईबाबांनाही आधार देते. म्हणजे पाहा, शर्यतीतले सगळ्यांत म्हातारे आजोबा धावले ते सगळ्यांत धाकट्या बाळांसाठी!

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, ‘बाई, बाळाला औषध डॉक्टर देतात. मग आईबाबांना मदत कशाला? ते कुठे आजारी असतात?’

खरं सांगू? मलाही हे नीट कळलं नव्हतं. ते शिकवलं माझ्याच वर्गातल्या एका मुलाने.

हा तिसरीतला मुलगा अगदी व्यवस्थित. पण एकदा आठवडाभर तो गृहपाठ न करताच येऊ लागला. केस विस्कटलेले, डबा नाही, तासाला पेंग यायची. मी त्याला रागावले. एक दिवस तर उभंसुद्धा केलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी शाळेत आल्या. त्याची दीड वर्षाची बहीण शहरातल्या दवाखान्यात होती. आई तिच्या उशाशी. बाबा दिवसभर कामावर आणि रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर. आणि हा आजींकडे. ‘रात्री झोपत नाही हो, दाराकडे बघत बसतो,’ आजी म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. मी त्याचा गृहपाठ पाहिला होता; घर नव्हतं पाहिलं.

मुलांनो, घरातलं एक मूल आजारी पडतं, पण सगळं घरच दवाखान्यात जातं. एसटीचं भाडं, रोजचं जेवण, बुडालेली मजुरी, झोपायला जागा. औषधाच्या चिठ्ठीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पण आई उपाशी, जागरणाने थकलेली असेल, तर बाळाला धीर कोण देणार? घर लांब असेल आणि मुक्कामाला जागा नसेल, तर काही जण औषधोपचार अर्धवट सोडूनही गावी परततात.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झालं. तिथे देशभरातून कॅन्सरचे रुग्ण येतात, त्यांत लहान मुलंही असतात. त्यांनी राहायचं कुठे? दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची सोय होते. ‘सेंट ज्यूड’ नावाच्या संस्थेने २००६ साली मुंबईत खास कॅन्सर झालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी घरं सुरू केली. तिथे राहायला पैसे पडत नाहीत. स्वयंपाकघर आहे, त्यामुळे आई आपल्या हाताने भाजी-भाकरी करून मुलाला भरवू शकते.

अशा कामांना पैसा लागतोच. आणि इथेच धावणारी माणसं उपयोगी पडतात. धावण्यातून पैसा कसा उभा राहतो, सांगते. धावणारा आपली एक संस्था निवडतो. मग नातेवाईक, शेजारी, कचेरीतले मित्र यांना सांगतो, ‘मी एवढं अंतर धावणार आहे. तुम्ही या कामाला किती द्याल?’ ते पैसे धावणाऱ्याच्या खिशात जात नाहीत, थेट संस्थेला मिळतात. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. दर जानेवारीत ती भरते, तेव्हा कितीतरी जण असे एखाद्या कामासाठी धावतात. सगळेच काही पहिले येण्यासाठी धावत नाहीत. काही जण तर मुळी चालतच पोचतात! पण पोचतात.

आमच्या वर्गानेही एक छोटी शर्यत केली. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मैदानावर फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीला घरच्यांनी एक रुपया द्यायचा. जमलेले पैसे मुख्याध्यापकांनी बंद पाकिटातून त्या बाबांच्या हाती दिले. रक्कम काही मोठी नव्हती. एसटीच्या काही खेपांचं भाडं निघालं, इतकंच. त्या दिवशी सर्वांत जास्त फेऱ्या कुणी मारल्या, ठाऊक आहे? त्यानेच. ‘थांब रे, पुरे,’ म्हटलं तरी थांबेना. त्याच्या डब्याचीही सोय मुलांनीच पाळी लावून केली. ती मात्र मला सुचली नव्हती! त्याची बहीण पुढे बरी होऊन घरी आली. आता ती अंगणवाडीत जाते.

आणि आपले आजोबा? २०११ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी कॅनडातल्या टोरांटोची मॅरेथॉन पुरी केली. आठ तासांहून जास्त वेळ लागला. जन्माचा दाखला नव्हता, म्हणून गिनेसच्या पुस्तकात तो विक्रम लागला नाही. आजोबांचं त्यावाचून काही अडलं नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची मशाल घेऊनही ते धावले. २०१३ साली हाँगकाँगला ते शेवटची शर्यत धावले आणि मग थांबले. जुलै २०२५मध्ये आपल्या गावाजवळ, रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. तेव्हा त्यांचं वय होतं ११४.

पालकांनो, हे वाचून तुमचा मुलगा उद्याच पहाटे धावायला निघाला, तर त्याला अडवू नका. पण पल्ला छोटा ठेवा. पूर्ण मॅरेथॉन मोठ्या माणसांसाठी असते. पैसे जमवायचे असतील, तर शाळेच्या आणि घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊनच.

आणि मुलांनो, सोमवारी वर्गात गेलात की जरा इकडेतिकडे पाहा. कुणाचा बाक बरेच दिवस रिकामा आहे? कुणी डबा आणायचं बंद केलं आहे? त्याला आधी विचारा, ‘घरी सगळं बरं आहे ना रे?’ पहिली फेरी इथूनच सुरू होते.