नर्मदेतील बेट आणि पडद्यावरची काशी

इंदूरहून दक्षिणेकडे निघणाऱ्या हमरस्त्यास सर्वत्र ‘इंदूर-इच्छापूर मार्ग’ म्हणून ओळखतात. एवढ्या मोठ्या रस्त्यास आमच्या गावाचे नाव लाभले, यात गावाचे कर्तृत्व काहीच नाही. मध्यप्रदेशाची हद्द येथे संपते आणि पुढे खानदेश लागतो, एवढेच त्याचे कारण. टेकडीवर इच्छादेवी, पायथ्याशी गाव, भोवती केळीचे मळे. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, असा आमचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. शाळेतील मुलांच्या कानांवर मराठी दोन अक्षरे अधिक पडावीत म्हणून दर शनिवारचा शेवटचा तास आम्ही आमच्या हाती ठेवला आहे. प्रस्तुत लेखाचा उगम अशाच एका तासात झाला.

२०२५ हे वर्ष पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीचे. जुलै महिन्यात शाळा उघडल्यावर आम्ही आठवीच्या वर्गात महेश्वरच्या घाटाचे एक मोठे रंगीत चित्र भिंतीवर लावले आणि विचारले, “हे कोणते ठिकाण?” आम्हास वाटले होते, चारदोन मुले तरी अचूक सांगतील, कारण महेश्वर आमच्यापासून एका दिवसाच्या प्रवासात येते, आणि तिकडे जाणारा निम्माअधिक रस्ता तर आमच्याच गावाच्या नावाचा! परंतु वर्गातून एकमुखाने उत्तर आले, “बनारस!”

आम्ही चकित झालो. चौकशीअंती उलगडा झाला. २०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘यमला पगला दीवाना’ या हिंदी चित्रपटात धर्मेंद्र व त्यांचे दोन्ही पुत्र काशीच्या गल्लीबोळांतून व घाटांवरून वावरताना दिसतात. त्या काशीचे बरेचसे चित्रण महेश्वरास झालेले आहे. दूरचित्रवाणीवर तो चित्रपट पुनःपुन्हा लागतो. मुलांनी तो पाचसहा वेळा पाहिलेला; तेव्हा त्यांच्या लेखी हा घाट काशीचाच. मुलांचे चुकले असे आम्हास म्हणवेना. त्यांनी पाहिले तेच सांगितले होते.

मात्र त्या उत्तरातील विलक्षण विपर्यास आमच्या मनातून जाईना. काशीविश्वेश्वराचे देवालय भग्नावस्थेतून १७८० साली पुनश्च उभे राहिले, ते अहिल्यादेवींच्या आज्ञेने व द्रव्याने. गंगेच्या काठी त्यांच्या नावाचा घाट आजही आहे. हा सारा कारभार त्यांनी हाकला तो महेश्वरच्या वाड्यात बसून. ज्या गावाने काशीला तिचे देऊळ परत दिले, त्या गावाने आता स्वतःचे नाव पुसून काशीचे सोंग घ्यावे, आणि होळकरांच्या मुलुखाशेजारी वाढलेल्या मराठी मुलांनी त्या सोंगालाच खरे मानावे! आम्ही त्या दिवशी वर्गात काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र पुष्कळ बोललो. ते सर्व आमच्या सौभाग्यवतीस ऐकावे लागले.

तिने शांतपणे एकच प्रश्न विचारला, “तुम्ही स्वतः महेश्वरला शेवटचे केव्हा गेला होता?”

आम्ही निरुत्तर झालो. लहानपणी वडिलांबरोबर एकदा गेलो होतो, तेवढेच. अनंतफंदीस अहिल्यादेवींनी लावण्या-तमाशाचा नाद सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, ही आख्यायिका आम्ही पंचवीस वर्षे रंगवून सांगत आलो. पण ज्या भूमीत ती घडली असे म्हणतात, तेथे एकाही वर्गास घेऊन गेलो नव्हतो. चित्रपटवाले निदान तेथवर गेले तरी!

त्याच दिवाळीत आमचा पुण्याचा भाचा पत्नीसह घरी आला. तो नुकताच ग्रीस देशाची यात्रा करून आला होता. आणि तीही अथेन्सच्या प्राचीन अवशेषांसाठी नव्हे, तर स्कोपेलॉस नावाच्या एका आडबाजूच्या बेटासाठी! २००८ सालच्या ‘मम्मा मिया’ या चित्रपटात समुद्रात घुसलेल्या एका कड्याच्या माथ्यावर चिमुकले शुभ्र प्रार्थनामंदिर दिसते. ते या बेटावरचे. त्या चित्रपटाने बेटाला वेगळेच काल्पनिक नाव दिले. तरीही लोक शोध घेत मूळ बेटावर पोचतात, त्या कड्याच्या पायऱ्या चढतात आणि वर गेल्यावर काहीसे हिरमुसतात. कारण चित्रपटात दिसणारे मंदिराचे अंतरंग तेथे नाहीच. ते इंग्लंडमधील स्टुडिओत उभारलेले होते. भाच्याने हसत हसत हे सांगितले. आम्हास मात्र आमचा आठवीचा वर्ग आठवला.

त्याने आणखी एका बेटाची हकीकत सांगितली, ती अधिक मनाला लागणारी आहे. केफालोनिया बेटावरील आर्गोस्तोली हे गाव १९५३ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले. २००१ साली पडद्यावर आलेल्या ‘कॅप्टन कोरेलीज मँडोलिन’ या चित्रपटाची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. तेव्हा भूकंपापूर्वीचे गाव दाखविणे भाग होते. ते आता उरलेच नव्हते. म्हणून त्याच बेटावरील सामी या बंदरात जुन्या गावाच्या घरांचे देखावे उभारले गेले, आणि चित्रीकरण संपताच ते काढून टाकले. ज्या वृद्धांनी बालपणी ते गाव पाहिले असेल, त्यांना ती फळ्या-रंगांची घरे पाहून काय वाटले असेल? आम्ही त्या रात्री बराच वेळ हाच विचार करीत होतो. त्यांचे गाव भूकंपाने गेले होते. आमचे महेश्वर तर दगडा-चिऱ्यांसह जागच्या जागी उभे आहे!

भाचा म्हणाला, “मामा, तुमच्या नर्मदेत बेटे नाहीत का? मुलांना घेऊन जा की!”

मार्गशीर्षात सहल निघाली. मुले बेचाळीस, शिक्षक तिघे आणि एक खाजगी बस. बऱ्हाणपूर मागे टाकले, असीरगडाचा डोंगर उजाडता उजाडता दिसला. खांडव्यात चालकाने आपण होऊन किशोरकुमारांची गाणी लावली. तेथे दुसऱ्या कोणाची लावण्याची रीतच नसावी. १९२९ साली याच गावी जन्मलेला हा गायक १९८७ च्या ऑक्टोबरात मुंबईस वारला, तेव्हा त्याचा देह अंत्यसंस्कारासाठी येथेच आणला गेला. मुलांना हे ठाऊक होते. अशोककुमार त्याचे वडील बंधू, हे मात्र एकासही ठाऊक नव्हते.

ओंकारेश्वर येथे मुक्काम केला. नर्मदेच्या दोन प्रवाहांनी वेढलेले मांधाता हे खरेखुरे बेट. पुलावरून पलीकडे गेलो. ज्योतिर्लिंगाचे दर्शन झाले, आणि सुमारे सात किलोमीटरची परिक्रमा मुलांनी आमच्यापेक्षा लवकर पुरी केली. २०२३ साली उभारलेली आदि शंकराचार्यांची १०८ फूट उंच मूर्ती दुरूनच नजरेत भरते. या बेटावर लिहावयाचे तर स्वतंत्र लेख हवा. आमचे लक्ष मात्र पुढच्या, फार लहान बेटाकडे लागले होते.

दुसऱ्या दिवशी बडवाह, मंडलेश्वर करीत महेश्वर गाठले. किल्ल्याच्या पायऱ्या उतरून घाटावर येताच मुलांचा एकच गलका उडाला. “इथेच ती मारामारी!” “त्या कमानीखाली!” कोणी कोठे उभे राहिले होते, कोण कोठून धावले होते, हे त्यांना दगडागणिक पाठ होते. आमचा प्रथम विरस झाला. मग लक्षात आले, की ज्या बारकाईने ही मुले घाट न्याहाळीत आहेत, त्या बारकाईने आम्हीही तो कधी पाहिला नव्हता. भिंतीवरील नक्षीची एक पट्टी दाखवून एका मुलीने विचारले, “सर, ही आईच्या साडीच्या काठासारखी कशी?” प्रश्न लाख मोलाचा होता. महेश्वरी साडीच्या काठांवरील कित्येक नक्ष्या या किल्ल्याच्या व देवळांच्या भिंतींवरूनच उचललेल्या आहेत. हातमागाचा हा धंदा मध्यंतरी पार बसला होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील दांपत्याने ‘रेहवा’ ही संस्था काढली, स्त्रियांना मागावर बसविले, आणि तो पुन्हा उभा राहिला. नंतर आम्ही मुलांना मागांची खटखट ऐकविली. त्या मुलीस तेथून हलविणे कठीण झाले.

वाड्यात अहिल्यादेवींची बैठक आहे. सोने नाही, सिंहासन नाही. लाकडी खांबांच्या ओसरीत अंथरलेली गादी. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव गेला. आणि त्यानंतर या बाईने १७९५ पर्यंत राज्य केले. आम्ही हे सारे सांगितले. चुळबुळ करणारी मुले मालेरावापाशी येऊन गप्प झाली. वाड्यात आजही मातीची लहान लहान शिवलिंगे घडवून त्यांची पूजा होते व नंतर ती नर्मदेत विसर्जित केली जातात.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘दबंग ३’ चे चित्रीकरण या घाटावर चालू असता एका शिवलिंगावर लाकडी तख्तपोशी घातल्यावरून मोठा गदारोळ उठला. लिंगास धक्का पोचू नये म्हणूनच ती घातली, असा खुलासा चित्रपटाच्या बाजूने करण्यात आला. हेतू तसा असेलही. पण ज्या घाटावर पावलागणिक पिंडी आहेत, तेथे नृत्याचे तांडे उतरवावे की नाही, याचा विचार लाकूड आणण्यापूर्वी व्हावयास हवा होता, असे आमचे मत आहे. उलट पक्षी, २०१८ चा ‘पॅडमॅन’ पाहा. कथा कोइंबतूरच्या एका खटपट्या माणसाची; पण पडद्यावर ती महेश्वरातच, महेश्वर याच नावाने घडते. निदान गावाचे नाव तरी गावाकडे राहिले.

अखेर बाणेश्वर. नर्मदेच्या पात्राच्या मध्यभागी खडकावर एकच लहानसे देऊळ, चहूकडे पाणी. पृथ्वीच्या मध्यापासून ध्रुवताऱ्यापर्यंत जाणारी रेषा या देवळातून जाते, अशी श्रद्धा आहे. सायंकाळी दोन नावा ठरवून आम्ही तिकडे निघालो. पात्र शांत दिसत असले तरी वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी वाढते. म्हणून सहलीला येणाऱ्यांनी नावाड्याचे म्हणणे ऐकावे आणि स्वतःचे शहाणपण काठावर ठेवावे.

आमचा नावाडी साठीच्या घरातला, निमाडी बोलणारा. मुलांनी त्यास विचारलेच, “काका, तुम्ही शूटिंगमध्ये होता?” तो म्हणाला, एकदा होतो. चार दिवस नाव भाड्याने घेतली होती. नावेवर तिचे जुने नाव होते, ते खोडून त्यांनी काशीचे काहीतरी रंगविले. महिन्याभरात मिळत नाही ते चार दिवसांत मिळाले. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडले.

“मग जुने नाव?” आम्ही विचारले.

“पुन्हा रंगवले. रंगाचे पैसे तेवढे माझे गेले,” असे म्हणून तो मोकळेपणाने हसला आणि वल्हे मारू लागला. आम्ही आठवडेच्या आठवडे मनात बाळगलेला राग त्या वृद्धाच्या खिजगणतीतही नव्हता. त्यास विचारले असते तर त्याने उद्याही नाव रंगवू दिली असती. आणि त्याला नको म्हणण्याचा अधिकार, सरकारी पगार घेणाऱ्या आम्हास तरी कोठून असणार?

बाणेश्वरापाशी उतरून मागे वळून पाहिले. घाटाच्या पायऱ्या, त्यावरील छत्र्या, वर किल्ल्याचा तट, सारे सांजप्रकाशात पाण्यावर हलत होते. चित्रपटात कॅमेरा याच बाजूने ठेवला असणार, असे एक मुलगा म्हणाला, आणि ते पटण्याजोगे होते. काठावरून एवढा सबंध घाट दिसतच नाही. आम्ही तेथे उभे राहून काशीच्या देवळाची हकीकत सांगितली. नावाडीही वल्हे आडवे ठेवून ऐकत होता. काठावर दिवे लागेपर्यंत कोणी परतण्याची घाई केली नाही.

सहलीनंतरच्या शनिवारी आम्ही निबंध लिहावयास दिला. ज्या मुलाने जुलैत सर्वांत मोठ्याने “बनारस!” म्हटले होते, त्याची वही आम्ही मुद्दाम आधी काढली. त्याने लिहिले होते, “अहिल्याबाईंनी महेश्वरात बसून काशीचे देऊळ बांधले, आणि सनी देओलने महेश्वरात येऊन काशी केली. पण नाव अहिल्याबाईंची आहे, रंग नंतर दिला.” आम्ही दहापैकी आठ गुण दिले. दोन शुद्धलेखनाचे कापले.