आधी मॉनिटर, मग वीज. ग्राफिक्स कार्ड शेवटी!

पुण्यात शिकणारा किंवा नोकरी करणारा भोर-वेल्ह्याचा तरुण पहिली मोठी खरेदी कोणती करतो, याचे उत्तर एके काळी 'मोटारसायकल' असे ठरलेले होते. आज त्या यादीत गेमिंगच्या संगणकाचीही भर पडली आहे. फोर-के मॉनिटरवरचा खेळ मित्राच्या खोलीवर एकदा पाहिला, की तसाच संगणक गावच्या घरीही असावा, असे वाटू लागते. या संगणकातील सर्वांत महाग भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. अनेकदा उरलेल्या सर्व भागांच्या एकत्रित किमतीपेक्षाही त्याची किंमत अधिक भरते. त्यामुळे निवड चुकली, तर घरच्यांनी कष्टाने बाजूला काढलेले पैसे वाया जातात.

ही चूक सहसा एकाच कारणाने होते. ग्राहक दुकानात शिरताच विचारतो, ''सर्वांत चांगले कार्ड कोणते?'' वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. मॉनिटर कोणता आणि संगणक ठेवायच्या घरात वीज कशी, हे दोन प्रश्न त्याआधी सुटले पाहिजेत. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या डोंगराळ भागात तर दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

ठिपक्यांचे गणित

मॉनिटरवरील चित्र असंख्य ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात. क्यूएचडी मॉनिटरवर (२५६० गुणिले १४४०) हा आकडा सुमारे ३६ लाख ८६ हजारांवर जातो, तर फोर-के मॉनिटरवर (३८४० गुणिले २१६०) सुमारे ८२ लाख ९४ हजारांवर. म्हणजे फोर-के हे फुल एचडीच्या बरोबर चौपट आहे.

खेळ सफाईने चालण्यासाठी सेकंदाला किमान ६० चित्रे लागतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याचा अर्थ फोर-के मॉनिटरवर कार्डाला दर सेकंदाला सुमारे ५० कोटी पिक्सेलचा रंग ठरवावा लागतो आणि एका चित्रासाठी त्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला पेलणारे नाही. त्यासाठी हजारो छोटी गणिते एकाच वेळी सोडवणारा वेगळा प्रोसेसर लागतो. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणताना अशा प्रोसेसरसाठी 'जीपीयू' हा शब्द रूढ केला.

सत्तावीस इंची मॉनिटर टेबलावर दोन-अडीच फुटांवर ठेवून खेळणाऱ्यास क्यूएचडी आणि फोर-के यांतला फरक दिसतो, पण तो फार मोठा नसतो. कार्डावरचा भार मात्र सव्वादोन पट होतो. म्हणूनच बेताच्या खर्चात बारीक तपशिलाचे चित्र हवे असेल, तर क्यूएचडी हाच शहाणपणाचा मध्यममार्ग होय. बत्तीस इंची किंवा त्याहून मोठा मॉनिटर असेल, तरच फोर-केचे चीज होते.

मेमरीत काटकसर नको

पिक्सेल वाढले की कार्डावरील मेमरीही अधिक लागते. खेळातील भिंती, झाडे, कपडे यांची चित्रे या मेमरीत साठवलेली असतात. ती अपुरी पडली, की माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून आणावी लागते. हा मार्ग तुलनेने संथ असल्याने खेळ मध्येच अडखळतो. रॅम नंतर वाढवता येते, कार्डावरील मेमरी वाढवता येत नाही.

आजचा ढोबळ हिशेब असा : फुल एचडीसाठी ८ जीबी कसेबसे पुरते, क्यूएचडीसाठी १२ जीबी आणि फोर-केसाठी १६ जीबी असावी. इंटेलच्या 'आर्क बी५८०' या कार्डावर १२ जीबी मेमरी आहे. २०२५ मध्ये आलेल्या कार्डांपैकी एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स ५०७०'वर १२ जीबी, तर '५०७० टीआय' आणि एएमडीच्या 'आरएक्स ९०७० एक्सटी'वर १६ जीबी मेमरी आहे. 'आरएक्स ९०६० एक्सटी' हे एकच नाव ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांना आहे. तेव्हा खोक्यावरचे नाव वाचून थांबू नये, मेमरीचा आकडाही वाचावा.

कोणते खेळ खेळायचे, हेही पाहावे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने घडवलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आणि पोलंडमध्ये तयार झालेला 'सायबरपंक २०७७' हे दोन्ही खेळ २०२० मध्येच संगणकावर आले. पहिल्याला आजचे मध्यम कार्डही पुरून उरते. दुसऱ्यात प्रकाशकिरणांचे सर्व परिणाम सुरू केले, तर सर्वांत महाग कार्डालाही घाम फुटतो.

या ओझ्यावर कंपन्यांनी एक तोड काढली आहे. एनव्हिडियाचे 'डीएलएसएस', एएमडीचे 'एफएसआर' आणि इंटेलचे 'एक्सईएसएस' ही तंत्रे चित्र कमी पिक्सेलमध्ये तयार करून नंतर मोठे करतात. 'डीएलएसएस'च्या 'क्वालिटी' पर्यायात फोर-के मॉनिटरसाठी प्रत्यक्षात क्यूएचडी चित्रच तयार होते. डोळ्यांना फरक कमी जाणवतो आणि कार्डाची दमछाक वाचते. दोन चित्रांच्या मध्ये तिसरे घालणारे 'फ्रेम जनरेशन' मात्र निराळे. त्याने हालचाल सफाईदार दिसते, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. जाहिरातीतील 'दुप्पट वेगा'चे आकडे वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

विजेचा प्रश्न

भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मिती होते. तरीही पावसाळ्यात घाटालगतच्या गावांतून वीज जाणे आणि व्होल्टेज खालीवर होणे नवे नाही. मोठ्या कार्डाची खरी परीक्षा येथे होते.

'आरटीएक्स ५०७०'ला २५० वॉट, 'आरएक्स ९०७० एक्सटी'ला ३०४ वॉट, तर 'आरटीएक्स ५०९०'ला तब्बल ५७५ वॉट लागतात. त्यासाठी कंपनीने सुचवलेला एसएमपीएस '५०७०'साठी ६५० वॉटचा, तर '५०९०'साठी १००० वॉटचा आहे. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर हा भार टाकणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला ट्रक बांधण्यासारखे आहे. नामांकित कंपनीचा, 'ॲक्टिव्ह पीएफसी' असलेला आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस घेतला, तर कमी व्होल्टेजमध्येही तो तग धरतो. नव्या पद्धतीची जाड वीजजोडणी कार्डात शेवटपर्यंत घट्ट बसली आहे ना, हे हाताने तपासावे. अर्धवट बसलेली जोडणी तापून वितळल्याच्या घटना २०२२ पासून जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

यूपीएसबाबत तर हमखास फसगत होते. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचाच भार पेलतो. खेळ चालू असताना संगणक ५०० वॉट खेचत असेल, तर वीज जाताच तो यूपीएससकट बंद पडतो. अशा संगणकासाठी किमान १००० व्हीएचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा. त्याचे काम खेळ चालू ठेवणे हे नसून, संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देणे हे आहे. जुन्या वाड्यात वा गावठाणातील घरात संगणक ठेवायचा असेल, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. कार्डाच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

बिलाचा हिशेबही आधीच मांडावा. ५०० वॉट खेचणारा संगणक रोज ४ तास चालवला, तर महिन्याला ६० युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा महाग आहे. ज्या घरात ८० युनिट जळतात, तेथे हा आकडा १४० वर जाऊन वरची ४० युनिट चढ्या दराने मोजावी लागतात.

पाऊस, प्रवास आणि हमी

तोरणा-राजगडाच्या परिसरात पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस दमट असते. अशा वेळी संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी थोडा वेळ चालू करावा. आतल्या उबेने ओल धरत नाही. भिंतीला चिकटून वा जमिनीवर कॅबिनेट ठेवू नये. विजा चमकत असतील, तर विजेच्या प्लगबरोबर इंटरनेटची तारही काढावी.

पुण्याहून गावी संगणक नेताना कार्ड काढून मूळ खोक्यात वेगळे न्यावे. मोठी कार्डे दीड किलोहून जड असतात. खाचखळग्यांच्या रस्त्यावर हे वजन मदरबोर्डाच्या एका खाचेवर हिंदकळत राहिले, तर ती खाच तुटू शकते.

स्वस्तात मिळणारी जुनी कार्डे घेताना सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इथेरियम' या आभासी चलनाने कार्डावर चालणारी पद्धत बंद केली आणि रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतील काही आजही हात बदलत फिरत आहेत. पक्के बिल आणि शिल्लक हमी नसेल, तर मोह टाळावा. परदेशातील नातेवाइकाकडून कार्ड मागवतानाही भारतात त्याची हमी चालते का, हे आधी विचारावे. नवे कार्ड घेताना दुरुस्ती केंद्र पुण्यात आहे की कार्ड मुंबईला पाठवावे लागेल, हेही पाहावे.

शेवटी, कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडावी. ती मदरबोर्डाला जोडून ''कार्ड चालत नाही'' अशी तक्रार करणारे कमी नाहीत!

मॉनिटर ठरला, विजेची व्यवस्था झाली, की उरलेल्या पैशांत जे कार्ड बसते, तेच आपले योग्य कार्ड. ते दुकानातील सर्वांत महाग नसेल, पण गावच्या घरी पावसाळ्यातल्या रात्रीही ते चालत राहील.